विश्लेषण : विमान भाड्याचे, जबाबदारी कोणाची? देखभालीच्या नोंदी वैमानिकाने किती तपासायच्या?

अमेरिकेत मोटारीप्रमाणेच छोटे विमानही तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळते. वैमानिकाचा परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि विमान देणाऱ्या संस्थेच्या प्रशिक्षकाबरोबर एखादे चाचणी-उड्डाण एवढे झाले की किल्ली हातात पडते. भाड्याच्या मोटारीचे ब्रेक कोणी, कधी तपासले हे सहसा कोणी विचारत नाही. विमानाच्या बाबतीत हा प्रश्न कायद्यानेच वैमानिकापुढे ठेवला आहे. विमान दुसऱ्याचे, मेकॅनिक दुसऱ्याचा, नोंदवही दुसऱ्याच्या कपाटात. तरीही चाके जमिनीवरून उचलली की 'हे विमान उडण्यास योग्य होते का', याचे उत्तर द्यायचे ते वैमानिकाने. ही जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याविषयी परवानाधारकांतही बराच गोंधळ आढळतो.

मराठी विद्यार्थ्यांशी याचा संबंध काय?

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातले १०० तास मुख्य वैमानिक म्हणून केलेले असावे लागतात. हे तास लवकर पूर्ण व्हावेत म्हणून महाराष्ट्रासह देशभरातून अनेक विद्यार्थी फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्नियात जातात. तिथे खासगी वैमानिकाचा परवाना हाती आला, की पुढचे बरेच तास प्रशिक्षकाशिवाय, भाड्याच्या सेसना किंवा पायपरमधून भरले जातात. याला 'टाइम बिल्डिंग' म्हणतात. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, घरच्यांनी काढलेले शैक्षणिक कर्ज आणि तासागणिक वाढणारे भाडे अशा स्थितीत काउंटरवरच्या माणसाला 'आधी नोंदी दाखवा' म्हणण्याचा धीर किती जणांना होत असेल, हे सांगायला नको. पण नियम वय पाहत नाही. डाव्या आसनावर एकटा बसलेला तो मुलगा कायद्याच्या लेखी मुख्य वैमानिकच असतो.

कायदा नेमके काय म्हणतो?

अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचे, म्हणजे एफएएचे, सर्वसाधारण उड्डाणाचे नियम 'भाग ९१' म्हणून ओळखले जातात. त्यातली दोन कलमे शेजारी ठेवून वाचली की गोंधळाचे मूळ सापडते.

पहिले कलम ९१.४०३. विमान उड्डाणयोग्य स्थितीत राखण्याची प्राथमिक जबाबदारी मालकाची किंवा ते चालवणाऱ्याची, म्हणजे 'ऑपरेटर'ची, असे ते सांगते. तपासण्या वेळेवर करून घेणे, मेकॅनिकने त्या लिहून सही केली की नाही हे पाहणे, या नोंदी जपून ठेवणे ही सगळी कामे याच बाजूला येतात.

दुसरे कलम ९१.७. उड्डाणयोग्य नसलेले विमान कोणीही चालवू नये, असे ते बजावते. आणि पुढच्याच ओळीत, विमान सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी मुख्य वैमानिकावर टाकते. उड्डाणात यंत्र, वीजव्यवस्था किंवा सांगाडा यांत बिघाड होऊन विमान उड्डाणयोग्य राहिले नाही, तर उड्डाण थांबवण्याची सक्तीही त्याच्यावरच.

म्हणजे विमान 'राखणे' मालकाकडे आणि 'ठरवणे' वैमानिकाकडे. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. पण नियमावलीतली 'ऑपरेट' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे, की विमान वापरणारा आणि वापरायला परवानगी देणारा असे दोघेही तिच्यात बसतात. मालकी हक्क असो वा नसो. त्यामुळे तासाभरासाठी विमान घेणारा 'मी तर नुसता भाडेकरू' असे म्हणून पूर्णपणे सुटत नाही.

आणखी एक बारकावा महत्त्वाचा. 'उड्डाणयोग्य' या शब्दाला अमेरिकी विमानशास्त्रात दोन पाय आहेत. विमान मंजूर झालेल्या आराखड्याबरहुकूम असले पाहिजे, आणि सुरक्षित उडण्याच्या स्थितीतही असले पाहिजे. इंजिन घड्याळासारखे चालत आहे, टायर नवे आहेत, तेल भरलेले आहे. पण वार्षिक तपासणीची मुदत कालच संपली असेल तर ते विमान आज उडवता येत नाही. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारून, पंख हलवून, इंधनाचा नमुना काढून हे कळणार नाही. ते कळते फक्त कागदावरून.

कोणत्या नोंदी? आणि त्या असतात कुठे?

विमानात असलेच पाहिजेत असे मुख्य कागद चार : उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, वापराच्या मर्यादा सांगणारी पुस्तिका आणि वजन व संतुलनाचा तक्ता. विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच हे पाठ करतात आणि अनेकांची अशी समजूत होते, की हे चार कागद दिसले म्हणजे काम झाले. नेमकी इथेच गफलत होते. सर्वसाधारण उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रावर मुदतीची तारीखच नसते. देखभाल नियमानुसार होत असेल तोवर ते वैध. नसेल तर ते केबिनमध्ये प्लास्टिकच्या पाकिटात दिमाखात झळकत असूनही निरुपयोगी. म्हणजे ज्या कागदाकडे पाहून खात्री करून घ्यायची, तोच कागद दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवतो.

तो दुसरा कागद म्हणजे लॉगबुक. विमानाच्या सांगाड्याचे एक, इंजिनाचे एक आणि प्रोपेलरचे एक, अशी ती सहसा वेगवेगळी असतात. ही लॉगबुके विमानात ठेवण्याची सक्ती नाही आणि बहुतेक मालक ती ठेवतही नाहीत. त्यामागे व्यवहार आहे. नोंदी हरवल्या तर विमानाची किंमत घसरते आणि कोणते काम कधी झाले हे पुन्हा सिद्ध करण्याचा खर्च वेगळाच. त्यामुळे लॉगबुके कार्यालयातल्या कपाटात किंवा मेकॅनिककडे असतात, आणि भाडेकरूच्या हाती येते ते फक्त किल्ली आणि विमानाचे पाकीट.

या नोंदींत पाहायचे काय? वार्षिक तपासणी ही त्यातली सर्वांत मोठी. ती मागच्या १२ 'कॅलेंडर महिन्यां'त झालेली असावी लागते आणि सर्वसाधारणपणे तिच्यावर 'आयए' हा विशेष अधिकार असलेल्या मेकॅनिकची सही लागते. कॅलेंडर महिना म्हणजे महिनाअखेरपर्यंतची सवलत. १० मार्च २०२४ रोजी तपासणी झाली असेल तर ती ३१ मार्च २०२५ पर्यंत चालते. १० मार्चला संपत नाही. एक एप्रिलला मात्र विमान जमिनीवरच राहते. मुदत संपलेले विमान दुरुस्तीच्या ठिकाणी न्यायचे असेल तर त्यासाठी एफएएकडून विशेष उड्डाण परवाना घ्यावा लागतो.

ट्रान्सपाँडरची तपासणी २४ कॅलेंडर महिन्यांतून एकदा. ढगांतून, केवळ उपकरणांच्या आधाराने उडायचे असेल तर उंचीमापक आणि स्थिर हवादाब यंत्रणेची तपासणीही २४ महिन्यांत झालेली हवी. अपघातानंतर विमानाचा ठावठिकाणा कळवणाऱ्या ईएलटी या उपकरणाची तपासणी दर १२ महिन्यांनी. त्याची बॅटरी एकूण एक तासापेक्षा जास्त वापरली गेली किंवा तिचे निम्मे आयुष्य सरले की बदलायची. यातली कोणतीच गोष्ट बाहेरून दिसत नाही.

गंमत म्हणजे, प्रत्येक वैमानिकाने आयुष्यात एकदा तरी ही लॉगबुके उलगडलेली असतात. परवान्याच्या परीक्षेच्या दिवशी परीक्षक ती समोर ठेवतो आणि 'हे विमान आज उडू शकते हे सिद्ध कर' म्हणतो. विद्यार्थ्याने रंगीत चिठ्ठ्या लावून पाने तयार ठेवलेली असतात. नोंदींतून विमान उड्डाणयोग्य ठरले नाही तर परीक्षेचे उड्डाणच होत नाही. परीक्षा संपते, चिठ्ठ्या निघतात, आणि पुढची कित्येक वर्षे अनेक भाडेकरू वैमानिक त्या वह्यांचे तोंडही पाहत नाहीत.

शंभर तासांच्या तपासणीचा घोळ काय आहे?

भाड्याच्या विमानांत सर्वाधिक वाद होतो तो १०० तासांच्या तपासणीवरून. कलम ९१.४०९ नुसार ही तपासणी दोन प्रसंगी लागते. पैसे घेऊन माणसे नेली जात असतील तर. किंवा प्रशिक्षक पैसे घेऊन शिकवत असेल आणि विमानही त्याच्याच बाजूने पुरवलेले असेल तर. फ्लाइट स्कूलचे विमान आणि फ्लाइट स्कूलचा प्रशिक्षक हा दुसरा प्रकार सरळच. विद्यार्थ्याने स्वतःच्या मालकीचे विमान आणले आणि प्रशिक्षकाला फक्त शिकवणीचे पैसे दिले, तर ती लागत नाही.

परवाना असलेल्या वैमानिकाने तेच विमान नुसते भाड्याने नेले, बरोबर प्रशिक्षक नाही, तर? तर नियमाच्या शब्दांनुसार १०० तासांची तपासणी सक्तीची नाही. म्हणजे सोमवारी ज्या विमानात प्रशिक्षकाला बसता येत नाही, ते मंगळवारी एकट्या भाडेकरूला कायदेशीरपणे देता येते. विमान तेच, इंजिन तेच. ही विसंगती अनेकांना खटकते आणि ती खटकण्यासारखीच आहे. चांगल्या संस्था त्यामुळे हा फरक पाळतच नाहीत. तास भरले की विमान सर्वांसाठीच थांबवतात. पण सगळ्याच संस्था तसे करतात असे गृहीत धरण्याला आधार नाही, म्हणून विमान देणाऱ्याचे धोरण काय हे भाडेकरूने विचारून घेतलेले बरे.

दुसरा घोळ घड्याळाचा. विमानात बहुधा दोन तासमापके असतात. 'हॉब्स' हे साध्या घड्याळासारखे, इंजिन चालू असेल तेवढा वेळ मोजणारे; भाडे साधारणपणे त्यावर आकारतात. 'टॅक' इंजिनाच्या फेऱ्यांवर चालते. इंजिन मंद असेल तर तेही मंद चालते. देखभालीचा हिशेब बहुतेक ठिकाणी टॅकवर ठेवला जातो. त्यामुळे पावतीवरचा आकडा आणि तपासणीच्या तक्त्यावरचा आकडा यांची सांगड घालताना नवखा वैमानिक चुकतो.

उदाहरणच घ्यायचे तर, तपासणी टॅकच्या ४,५२३.६ या आकड्याला देय आहे आणि मापकावर सध्या ४,५२१.९ दिसत आहे. उरले १.७ तास. प्रशिक्षकाबरोबर जायला १.२ तास आणि यायला १.२ तास असा बेत असेल, तर परतीच्या वाटेवरच मुदत ओलांडली जाणार. 'दहा तासांची सूट असते ना' हे उत्तर अशा वेळी हमखास ऐकू येते. सूट आहे, पण ती फक्त तपासणी जिथे होऊ शकते त्या ठिकाणी विमान नेत असताना. शिवाय ती उसनवारी असते. चार तास जास्त उडून ४,५२७.६ ला तपासणी केली, तरी पुढची मुदत ४,६२३.६ लाच, जास्तीचे चार तास पुढच्या शंभरातून वळते होतात. नव्या विद्यार्थ्याला घेऊन शिकवणीची फेरी मारायला ही सूट वापरता येत नाही.

वार्षिक तपासणी १०० तासांच्या तपासणीची जागा घेऊ शकते. उलटे मात्र चालत नाही.

'एडी' म्हणजे काय, आणि ती चुकली तर?

विमानाच्या एखाद्या प्रकारात, इंजिनात किंवा सुट्या भागात धोकादायक दोष आढळला, की एफएए 'एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह' काढते. वैमानिक आणि मेकॅनिक तिला 'एडी' म्हणतात. उत्पादक कंपनीचे 'सर्व्हिस बुलेटिन' हा खासगी विमानासाठी सहसा सल्ला असतो. एडी हा कायदा असतो. काही एडी एकदाच पाळायच्या असतात, काही पुन्हा पुन्हा.

पुन्हा पुन्हा पाळायच्या एडींचे घरोघरचे उदाहरण सेसनाच्या आसनाचे आहे. वैमानिकाचे आसन रुळावर पुढे-मागे सरकते आणि एका खिटीने भोकात अडकते. रूळ झिजला, भोक मोठे झाले, की उड्डाणाच्या क्षणी नाक वर होताच आसन मागे घसरते. वैमानिक आधारासाठी जे हातात असते तेच धरतो, आणि हातात असते विमानाचे सुकाणू. नाक आणखी वर जाते, विमान आधार गमावते. १९८७ मध्ये यावर एडी निघाली, २०११ मध्ये ती सुधारून पुन्हा निघाली. दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी रूळ तपासायचे, असे ती सांगते. सेसना १५२ वा १७२ भाड्याने घेणाऱ्या वैमानिकाने आसन जागेवर पक्के बसले की नाही हे हिसका देऊन पाहायचे असतेच. पण रूळ शेवटचा कधी मोजला, हे लॉगबुकच सांगते.

एडीच्या बाबतीत दहा तासांची ती सूट आपोआप लागू होत नाही. एडीने स्वतः मुभा दिली असेल तरच. नाहीतर ठरलेला तास उलटला की विमान थांबले.

नोंद किती मोलाची असते, हे फ्लोरिडातल्या एका अपघाताने दाखवून दिले. ४ एप्रिल २०१८ रोजी डेटोना बीच इथून एम्ब्री-रिडल एअरोनॉटिकल युनिव्हर्सिटीचे पायपर पीए-२८आर-२०१ जातीचे विमान व्यावसायिक परवान्याच्या परीक्षेसाठी उडाले. धावपट्टीला स्पर्श करून पुन्हा वर चढत असताना त्याचा डावा पंख तुटून वेगळा झाला. विद्यार्थी वैमानिक आणि परीक्षक दोघेही दगावले. विमान २००७ सालचे, म्हणजे छोट्या विमानांच्या जगात तरुणच. पण त्याने सुमारे ७,६९० तास भरले होते आणि तेही प्रशिक्षणात : कमी उंचीवर सतत वळणे, चढ-उतार, दिवसाला कित्येक वेळा उतरणे.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या, म्हणजे एनटीएसबीच्या, तपासात पंखाच्या मुख्य तुळईच्या खालच्या पट्टीत, बोल्टच्या भोकापाशी, धातू थकून पडलेल्या भेगा आढळल्या. याच संस्थेच्या जवळपास तेवढेच तास झालेल्या दुसऱ्या एका विमानातही तशीच भेग निघाली. या विमानाच्या नियमित तपासण्या होत होत्या. भेग अशा जागी होती, की त्या तपासण्यांत ती दिसलीच नसती. मग उड्डाणापूर्वीच्या दहा मिनिटांच्या फेरीत ती वैमानिकाला दिसण्याचा प्रश्नच येत नाही. हा धोका अगदीच अनोळखीही नव्हता. १९८७ मध्ये टेक्सासात पाइपलाइनवर टेहळणी करणाऱ्या पायपर पीए-२८ विमानाचा पंख असाच निखळला होता. त्यानंतर निघालेली एडी दोनेक वर्षांत मागे घेण्यात आली होती.

डेटोनाच्या अपघातानंतर एफएएने काढलेली एडी (क्रमांक २०२०-२६-१६) फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाली. तिचे वेगळेपण असे, की कोणत्या विमानाला धोका जास्त, हे ती लॉगबुकातूनच मोजायला सांगते. विमानाच्या आयुष्यात १०० तासांच्या तपासण्या किती झाल्या ते मोजायचे. प्रत्येक तपासणीमागे १०० तास पूर्ण धरायचे, कारण ते तास प्रशिक्षणात किंवा पैसे घेऊन केलेल्या उड्डाणांत गेले असे मानले जाते. उरलेल्या तासांना १७ ने भागायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. बेरीज ५,००० वर गेली, की पंखाचे बोल्ट काढून भोकांची एडी-करंट पद्धतीने, म्हणजे विद्युत प्रवाहाच्या साहाय्याने, तपासणी करायची.

८,००० तास झालेली दोन सारखीच पायपर विमाने समजा शेजारी उभी आहेत. एकाच्या लॉगबुकात १०० तासांच्या ७० तपासण्या आहेत. त्याचा हिशेब ७,००० अधिक उरलेल्या १,००० चा सतरावा भाग, म्हणजे जवळपास ७,०५९. दुसरे आयुष्यभर एका कुटुंबाकडे राहिले, १०० तासांची तपासणी कधी लागलीच नाही. त्याचा हिशेब भरतो अवघा ४७१. रंग तोच, तासमापकावरचा आकडा तोच. फरक फक्त वहीत. आणि ज्या विमानाला सक्ती नाही म्हणून १०० तासांच्या तपासण्या झाल्या नाहीत, पण जे भाड्याने मात्र भरपूर रगडले गेले, त्याचा आकडा या सूत्रात कमीच दिसणार, हेही उघड आहे. सूत्र शेवटी नोंदीइतकेच खरे असते.

भाडेकरूने हे गणित करत बसावे अशी अपेक्षा कोणीच ठेवत नाही. मात्र कोणत्या एडी लागू आहेत, त्या केव्हा आणि कशा पाळल्या, पुन्हा पाळायच्या असतील तर पुढची तारीख वा तास कोणता, याची अद्ययावत नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. ती यादी मागता येते, आणि मागणे गैर नाही.

प्रत्यक्षात वैमानिकाने करायचे तरी किती?

प्रत्येक उड्डाणापूर्वी तीन लॉगबुके पहिल्या पानापासून वाचणे कोणालाच शक्य नाही. म्हणून बहुतेक संस्था एका पानाचा तक्ता ठेवतात. वार्षिक तपासणी कधीपर्यंत, १०० तास कोणत्या टॅक-आकड्याला, ट्रान्सपाँडर, उंचीमापक, ईएलटी आणि पुन्हा पाळायच्या एडी. काही ठिकाणी हा तक्ता किल्लीच्या फाइलमध्ये असतो, काही ठिकाणी आरक्षणाच्या ॲपवर. शेजारी 'स्क्वॉक शीट' असते, म्हणजे आधीच्या वैमानिकांनी लिहिलेल्या तक्रारी.

तक्ता हा लॉगबुकाचा गोषवारा आहे, लॉगबुक नव्हे. तो कार्यालयातला कोणीतरी हाताने भरतो आणि आकडा उतरवताना चूक होऊ शकते. त्यामुळे नव्या संस्थेकडून पहिल्यांदा विमान घेताना एकदा मूळ नोंदी पाहून तक्त्याशी ताडून घ्याव्यात आणि पुढे प्रत्येक वेळी तक्ता व मापक जुळवून पाहावे, ही सवय अनेक अनुभवी प्रशिक्षक लावतात. ती परवडणारी आणि पुरेशी आहे. लांबच्या प्रवासाला विमान नेताना आणखी एक प्रश्न : परत येईपर्यंत महिना उलटणार नाही ना? २९ तारखेला निघालेले विमान हवामानामुळे अडकले आणि पहिली तारीख उजाडली, तर वार्षिक तपासणी संपलेली असू शकते. मग घरापासून पाचशे किलोमीटरवर परवान्यासाठी फोनाफोनी.

तक्रारींच्या पानाची गोष्ट निराळी. बंद पडलेले उपकरण असूनही काही अटींवर उडता येते. ते उपकरण त्या उड्डाणासाठी सक्तीचे नसावे, ते निकामी करून वा काढून टाकून त्यावर तशी चिठ्ठी लावलेली असावी, नोंद झालेली असावी आणि त्यामुळे धोका नाही असे ठरवले गेलेले असावे. केवळ चिकटपट्टीवर 'बंद' लिहिलेले दिसले म्हणजे कायदा पाळला असे नाही. आणि उलट बाजूने, आपल्याला आढळलेला दोष लिहिण्याचे टाळणारे भाडेकरूही कमी नसतात. लिहिले की विमान थांबणार, उद्याचे आरक्षण जाणार, कदाचित 'तुझ्याच हातून झाले' असे ऐकावे लागणार. त्यापेक्षा गप्प बसलेले बरे. त्याच विमानात तासाभराने दुसरा कोणी बसतो.

नियम मोडला तर कारवाई कोणावर?

दोघांवरही होऊ शकते. मालकाने तपासणी चुकवली म्हणून त्याच्यावर, आणि वैमानिकाने तसे विमान उडवले म्हणून त्याच्यावर. एफएए परवाना काही काळासाठी निलंबित करू शकते, गंभीर प्रकरणात रद्दही. त्याविरुद्ध एनटीएसबीच्या न्यायाधीशाकडे, मग पूर्ण मंडळाकडे आणि पुढे न्यायालयात दाद मागता येते.

'दुसऱ्यावर विश्वास ठेवला' हा बचाव टिकतो का, यावर एनटीएसबीने १९९२ मध्ये एका प्रकरणात घातलेली चौकट आजही महत्त्वाची मानली जाते. ते प्रकरण विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे होते, पण तत्त्व सर्वांनाच समजण्यासारखे आहे. ते काम दुसऱ्याच्या जबाबदारीचे असेल, वैमानिकाला ती माहिती स्वतंत्रपणे मिळवण्याचे बंधन किंवा सोय नसेल, आणि समोरच्याने काम नीट केले नसावे अशी शंका घेण्याचे कारणही नसेल, तरच त्याला दोषमुक्त करता येते.

भाड्याच्या विमानाला हे लावून पाहिले की रेषा बऱ्यापैकी स्पष्ट होते. मेकॅनिकने काम न करताच 'केले' असे लिहून सही केली असेल, तर वैमानिकाला ते कळण्याचा मार्ग नव्हता. तिथे त्याचा विश्वास रास्त. पण वार्षिक तपासणी दोन महिन्यांपूर्वीच संपल्याचे तक्त्यावर लिहिलेले असेल आणि त्याने तक्ता पाहिलाच नसेल, तर 'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालणे कठीण. माहीत करून घेणे सहज शक्य होते. आणि तक्ता दाखवायलाच संस्था नकार देत असेल, तर ती टाळाटाळ हेच शंकेचे कारण ठरते. अशा ठिकाणचे विमान स्वस्त असले तरी न घेतलेले बरे.

नकळत चूक झाली असेल तर एक दिलासा आहे. नासा चालवत असलेल्या सुरक्षा-अहवाल यंत्रणेकडे १० दिवसांच्या आत माहिती दिली, तर उल्लंघनाची नोंद राहिली तरी शिक्षा माफ होऊ शकते. अपघात किंवा गुन्हा असेल तर ही सवलत नाही आणि जाणूनबुजून केलेल्या कृत्यालाही नाही.

पैशांची बाजू अनेकांच्या लक्षातच येत नाही. संस्थेचा विमा असतो तो मुख्यतः संस्थेसाठी. विमान मोडले तर विमा कंपनी मालकाला भरपाई देऊन ती रक्कम भाडेकरूकडून वसूल करायला येऊ शकते. म्हणून भाडेकरू वैमानिकांसाठी वेगळा विमा मिळतो. मात्र अनेक पॉलिसींत विमान उड्डाणयोग्य असण्याची अट असते आणि मुदत उलटलेली एक तपासणी दावा नाकारायला निमित्त ठरू शकते.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात परवाना दाखवून तासाभरासाठी विमान घेऊन जाण्याचा बाजार जवळपास नाहीच. विद्यार्थी उडतात ते फ्लाइंग क्लब किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांच्या विमानांतून. १९३४ च्या कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. देखभालीसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, 'सीएआर' नियमावल्या असून त्यातली 'सीएआर-एम' ही युरोपच्या पद्धतीवर बेतलेली आहे. परवानाधारक अभियंता काम तपासून विमान सेवेत सोडल्याचे प्रमाणपत्र देतो. उड्डाणयोग्यतेचा आढावा घेऊन त्याचे वेगळे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीसाठी मिळते. अमेरिकेत केबिनमधल्या कागदावर तारीख दिसत नाही. इथे आढावा-प्रमाणपत्रावर ती दिसते.

उड्डाणापूर्वीच्या पाहणीची जबाबदारी इथेही वैमानिकाकडेच येते. फरक वातावरणाचा आहे. अमेरिकेत भाडेकरू हा ग्राहक असतो. विमान पसंत पडले नाही तर तो शेजारच्या संस्थेकडे जातो. इथे विद्यार्थ्याने लाखो रुपये आधीच भरलेले असतात, विमाने मोजकी असतात, आणि आज नंबर हुकला तर पुन्हा कधी लागेल याची खात्री नसते. नोंदवहीतल्या कोऱ्या रकान्याबद्दल प्रश्न विचारणारा विद्यार्थी संस्थेला आवडेलच असे नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने चार दिवसांच्या आत कोसळली, तेव्हा डीजीसीएने त्या संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवले होते. त्याआधी जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात बारामतीहून निघालेले एक सेसना १५२ पडले होते आणि एकटी उडणारी प्रशिक्षणार्थी जखमी झाली होती. अशा अपघातांनंतर चौकशी करणारे अधिकारी देखभालीच्या नोंदी ताब्यात घेतात. ज्या वह्या उड्डाणापूर्वी पाहायला कोणाला वेळ नसतो, त्या मग पानापानाने वाचल्या जातात.